आमदारांचे जनसंपर्क कार्यालय : खिडकीवरचे काम चोख, कार्य अहवाल पोकळ

ठाणे शहरातील एका आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयाविषयी हा अभिप्राय आहे. त्यांचे व पक्षाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. सोसायटीचा सचिव असल्यामुळे, आणि ओळखीपाळखीच्या लोकांची कामे गळ्यात पडत असल्यामुळे, माझे या कार्यालयात जाणे-येणे असते.

आधी चांगले सांगतो, कारण ते खरोखरच चांगले आहे. आमच्या जुन्या वॉचमनच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज करायचा होता. कार्यालयातील बाईंनी कागदांचा गठ्ठा टेबलावर पसरला आणि एकेक कागद बाजूला काढत चुका दाखवल्या: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा होता आणि रुग्णालयाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकावर डॉक्टरांची सही नव्हती, नुसताच शिक्का होता. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजार रुपयांच्या आत असावे लागते आणि रुग्णालयही निधीच्या यादीत असावे लागते, हे त्यांनी वॉचमनच्या मुलाला समजेल अशा भाषेत, न कंटाळता सांगितले. यादीतले नाव तर त्याच्यासमोरच संगणकावर पडताळून दिले. कागद पुरे झाल्यावर शिफारसपत्र त्याच दिवशी मिळाले, जावक क्रमांकासह. ‘साहेब आल्यावर बघू’ हे वाक्य, जे अशा ठिकाणी हमखास ऐकायला मिळते, येथे कोणी उच्चारले नाही. शाळाप्रवेश, रहिवासाची पत्रे, रुग्णालयातील खाटा या नित्याच्या कामांतही हीच शिस्त दिसते. कार्यकर्ते मात्र रांग न पाळता सरळ आत शिरतात आणि त्यांना कोणी हटकत नाही.

आता अहवालाकडे वळतो. दरवर्षी छापली जाणारी कार्य अहवालाची पुस्तिका येथे टेबलावरच ठेवलेली असते. कागद गुळगुळीत, छपाई रंगीत, मुखपृष्ठावर हात जोडलेले छायाचित्र. पहिल्या काही पानांत आमदारांचा जीवनपट आहे आणि तोच या पुस्तिकेतला वाचनीय भाग आहे. चाळीतले बालपण, महाविद्यालयातील निवडणुका, प्रभागातली पडेल ती कामे, मग नगरसेवकपद, स्थायी समितीचे सभापतिपद आणि त्यानंतर विधानसभा, हा प्रवास लिहिणाऱ्याने मन लावून लिहिला आहे; गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीवरून झालेल्या पहिल्या भांडणाचा प्रसंग तर फारच जिवंत उतरला आहे. पण माणूस आमदार झाला, त्या पानापासून पुढे नुसती भूमिपूजनाची छायाचित्रे लागतात. नारळ, फीत, कुदळ, पुन्हा नारळ. जणू विधानसभेत निवडून गेल्यावर त्याने विधानभवनाची पायरीच चढली नाही.

माझा प्रश्न साधा होता. ठाण्यातील अनेक सोसायट्यांप्रमाणे आमच्या जमिनीचेही अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरकडून ती सोसायटीच्या नावावर होणे, रखडलेले आहे आणि मानीव अभिहस्तांतरणाच्या, म्हणजे बिल्डरने ते करून न दिल्यास सरकारी अधिकाऱ्याकडून करून घेण्याच्या, अर्जासाठी आमची धावपळ चालू आहे. हा विषय मुळात कायद्याचा. तेव्हा आमच्या आमदारांनी यावर सभागृहात कधी तारांकित प्रश्न विचारला का, लक्षवेधी सूचना दिली का, आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिले, एवढेच मला हवे होते. स्वीय सहाय्यकांनी अत्यंत आदराने बसवले, चहा मागवला आणि ‘साहेब यावर बोलले आहेत’ असे सांगून मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. तिच्यात साहेब बोलत होते खरे, पण वर ढोल-ताशाचे संगीत चढवलेले असल्यामुळे काय बोलत होते ते कळले नाही. अधिवेशन कोणते, तारीख कोणती, उत्तर काय, याची नोंद कार्यालयात कोणाकडेही नव्हती. तारांकित प्रश्नावर मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. आमदाराच्या हातातले इतके धारदार साधन त्याने कसे वापरले, हे मतदाराला त्याच्याच कार्यालयात कळू नये, याला काय म्हणावे?

निधीच्या पानांचीही तीच गत. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात आणि त्यांना मंजुरी जिल्हाधिकारी देतात. पुस्तिकेत महापालिकेची कामे, राज्य सरकारचे प्रकल्प आणि या निधीतली कामे एकाच रकान्यात मिसळली आहेत, त्यामुळे आमदारांनी स्वतः नेमके काय सुचवले हे वेगळे काढता येत नाही.

ही अपेक्षा अवास्तव नाही. रामभाऊ म्हाळगी १९५७ मध्ये मावळमधून आमदार झाले, नंतर पुण्याचे आमदार राहिले आणि १९७७ व १९८० मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. आमदार असताना आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांसमोर ठेवण्याचा त्यांचा परिपाठ होता. आजच्या कार्य अहवालांचे कूळ तेथपर्यंत नेता येईल. छपाई सुधारली, मजकूर आटला. प्रश्न, सूचना, उपस्थिती आणि निधी यांची साध्या कागदावर छापलेली चार पाने मिळाली असती, तरी मी ती या गुळगुळीत पुस्तिकेपेक्षा जपून ठेवली असती.

तेव्हा दाखला, शिफारसपत्र किंवा उपचारासाठी मदत हवी असेल, तर हे कार्यालय निःशंकपणे गाठावे. सर्व कागदांच्या दोन प्रती आणि चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला सोबत न्यावा. आमदारांना प्रत्यक्ष भेटायचे असल्यास शनिवारी सकाळी लवकर जावे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात त्यांच्या सहीची पत्रे अडकून पडतात, म्हणून डिसेंबरमध्ये लागणारे पत्र नोव्हेंबरातच मागून घ्यावे.