२८ खणांचा गोळ्यांचा डबा: कुठवर कामाचा?

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या मेडिकल स्टोअरमध्ये मिळतो तो रंगीत झाकणांचा प्लास्टिकचा डबा: सात दिवस, रोजचे चार खण. विसरभोळेपणा वाढत चाललेल्या माणसासाठी घ्यावा का? घ्यावा. घरच्या घरी लक्ष ठेवायला इतकं स्वस्त दुसरं काही नाही.

दुकानातच झाकणं उघडून बघा. एक उघडताना शेजारचंही उघडत असेल तर तो डबा नको. फार कडक झाकण संधिवाताच्या बोटांना उघडत नाही, मग हिसका बसतो आणि गोळ्या पलंगाखाली. रोजची पट्टी सुटी निघणारा डबा सगळ्यात बरा. समोर फक्त आजची पट्टी ठेवायची, बाकीच्या कपाटात. मोठा दोष इंग्रजी आद्याक्षरांचा. टी दोनदा, एस दोनदा. मंगळवार की गुरुवार, हे धडधाकट माणसालाही चटकन उमगत नाही. वरून कागद चिकटवून ठळक मार्करने ‘मंगळ’, ‘गुरु’ लिहा. ‘सकाळ’पेक्षा ‘चहानंतर’ लवकर कळतं.

सगळंच यात भरू नका. फिट्सवरची सोडियम व्हॅल्प्रोएट ओलावा ओढून घेते, ती पाकिटातच राहू द्या. पण पाकिटाचे कापलेले तुकडे खणात टाकायचे नाहीत. कडा धारदार असतात आणि गोंधळलेला माणूस ते तसेच गिळतो. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी, म्हणजे दोन्ही एका खणात नकोत. आठवड्यातून एकदाची ६०,००० युनिटची ‘ड’ जीवनसत्त्वाची गोळी किंवा संधिवातावरची मेथोट्रेक्सेट घरच्यांच्याच हातात हवी. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. आणि मे महिन्यात डबा कूलरच्या झोतात ठेवू नका, त्या दमट हवेने गोळ्या मऊ पडतात.

खरा उपयोग रविवारी डबा भरताना कळतो. एखादा खण राहून जाणं कुणाचंही होतं. पण खण भरलेला दिसत असताना ‘घेतली ना मी’ असं ठासून सांगणं, एकाच दुपारी दोन दिवसांचे खण रिकामे होणं, वर्षानुवर्षं घराचा हिशेब ठेवणाऱ्याला डबा भरणंच न जमणं, हे आठवड्यामागून आठवडे दिसलं तर तारखेसह वहीत लिहा. ती वही आणि चालू असलेली सगळी औषधं घेऊन ‘मेडिकल’च्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटी रुग्णालयात किंवा मिहानच्या एम्समध्ये दाखवा. औषधं कशाला? सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन आणि झोपेच्या गोळ्या गोंधळ वाढवतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की बी-१२ घटू शकतं. बी-१२ आणि थायरॉईडची रक्ततपासणी करवून घ्या, कारण यांवर उपचार आहेत. गोंधळ एक-दोन दिवसांतच उद्भवला असेल तर वही राहू द्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा: उन्हाचा तडाखा, लघवीचा संसर्ग, साखर उतरणं, काहीही असू शकतं.

वारच कळेनासा झाला की हा डबा निकामी. काही महिने सुट्या पट्टीवर निभतं, पुढे तो कुलपात आणि प्रत्येक डोस घरच्यांच्या हातून. तेव्हा ‘बाबा, गोळी घेतली का?’ विचारण्यात अर्थ नसतो, उत्तर ‘हो’च येतं. ‘बाबा, ही घ्या, पाणी आणलंय’ म्हणावं आणि गिळेपर्यंत तिथेच बसावं.