जुलैतली स्ट्रॉबेरी आणि 43,660 रुपये

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं दोन रात्री महाबळेश्वरला जाणार होतो. हिचे गुडघे, माझी पाठ. हॉटेलच्या स्पामध्ये अभ्यंग, शिरोधारा आणि खिडकीबाहेर धो धो पाऊस, एवढीच हौस. हॉटेल खरं आहे, त्यांचा यात दोष नाही. नंबर खोटा होता. फोनमधल्या नकाशावर हॉटेलच्या नावाखाली जो नंबर होता, तोच मी फिरवला. फोटो खरे, तारे 4.6. माणसानं आणखी काय तपासायचं?

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आधी 18,500. मग "जीएसटी अलग से भरना पड़ता है सर, चेक-इन पे वापस मिलेगा" म्हणून 3,330. जीएसटी म्हणे परत मिळतो! 27 वर्षं अकाउंट्समध्ये काढलेल्या माणसानं हे ऐकलं आणि भरलं. मग काय, तर रक्कम दोन तुकड्यांत आल्यानं सिस्टीमनं घेतली नाही, 21,830 एकरकमी टाका, आधीचे दहा मिनिटांत आपोआप परत येतील. टाकले. एकूण 43,660. चौथ्यांदा 49,999 मागितले तेव्हा हिनं माझ्या हातून फोनच काढून घेतला.

पण खरी चूक पहिला रुपया जाण्याआधीची आहे, आणि ती रात्री अजून झोपू देत नाही. मी सहज, गमतीनं विचारलं होतं, स्ट्रॉबेरी मिळेल का? तो म्हणाला, "हां सर, फ्रेश, रूम में बास्केट रखेंगे।" जुलै महिना! महाबळेश्वरात जुलैमध्ये धुकं मिळतं, मक्याचं कणीस मिळतं, जळवा मिळतात. स्ट्रॉबेरी हिवाळ्यातली, मार्च-एप्रिलपर्यंत संपते, हे पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ही स्वयंपाकघरातून म्हणालीसुद्धा, "अहो, आत्ता कुठली स्ट्रॉबेरी?" मी काय उत्तर द्यावं? "पॉलीहाउसची असेल गं." त्याच्या वतीनं खोटं मीच बोललो.

आणि पैसे पाठवताना स्क्रीनवर हॉटेलचं नाव नव्हतं, कुणा बाईचं होतं. विचारलं तर "अकाउंटंट मॅडम हैं". नाव जुळलं नाही तर पिन टाकू नका. बस्स. माझ्यासारखं विचारत बसू नका, त्यांच्याकडे उत्तर तयार असतं.

दुसरी घोडचूक म्हणजे 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करण्याऐवजी मी तीन तास त्याच चोराशी रिफंडसाठी हुज्जत घालत बसलो. तेवढ्यात पैसा चार खाती फिरून गेला. लगेच तक्रार केली तर पुढच्या खात्यात अडवता येतो. माझे 4,210 अडकले, म्हणजे वाचले म्हणायचे. पण ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाची फी तेवढ्यात बसते का, तुम्हीच सांगा.

बँकेत गेलो. काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार तुमचाच." लेखी द्या म्हटलं तर साहेब रजेवर. तिथून पोलीस ठाण्यात. ते म्हणाले हे सायबरचं, तिकडे जा. तिकडे म्हणाले रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यात जा. 43,660 लहान! परत आलो तर हवालदारानं हिच्यासमोर विचारलं, "स्पा म्हणजे... तसला का हो काका?" बाकावर बसलेले दोघं हसले. ही उठून बाहेर जाऊन उभी राहिली. पैशांपेक्षा ते जास्त लागलं. चारशेवीसचं कलम 2024 पासून 318 झालं, एवढी माहिती मात्र त्यांनी अगत्यानं पुरवली.

हॉटेलचा नंबर त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या, नाहीतर ओळखीत कुणी राहून आलं असेल तर त्यांच्या जुन्या बिलावरून. आम्हाला खरा नंबर मेहुणीकडच्या बिलावर मिळाला, सगळं झाल्यावर. पलीकडचा मॅनेजर थकल्या आवाजात म्हणाला, "या महिन्यातले तुम्ही पाचवे."

नकाशावरचा तो नंबर मी सहा वेळा रिपोर्ट केला. आज सकाळपर्यंत तिथेच होता.

काल ठाण्यातून फोन आला. वाटलं, काही धागा लागला. तर म्हणाले, सगळे स्क्रीनशॉट रंगीत प्रिंट काढून तीन प्रतींत आणा. आठ पानं, तीन प्रती, पानाला दहा रुपये. 240 त्यात मिळवा.