मशीद बंदर की काळा घोडा? मुंबईतला ज्यू वारसा पायी पाहायचा तर

मुंबईतली ज्यू स्थळं माहीतगारासोबत पायी फिरून पाहायची म्हटली, की साधारण दोन वाटा समोर येतात. एक फोर्टातली: डेव्हिड ससून लायब्ररी, काळा घोडा, केनेसेथ एलियाहू सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनालय) आणि पायांत जोर असेल तर पुढे कुलाब्याचा ससून डॉक. दुसरी मशीद स्टेशनाबाहेर सुरू होते आणि सॅम्युएल स्ट्रीट, टनटनपुरा स्ट्रीट करत भायखळ्याला पोहोचते. फोर्टाची वाट सोपी, स्वच्छ, फोटो छान येतात, त्यामुळे लोकांचा कल तिकडेच. मी दोन्ही केल्या आहेत, बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन तर कितीदा. तुमच्याकडे एकच सकाळ असेल आणि घरात मराठी बोलत असाल, तर मशीद बंदर निवडा, असं माझं ठाम मत आहे. पण ती वाट सगळ्यांना झेपणारी नाही, म्हणून दोन्हींचं नीट सांगते.

निवडण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. ‘मुंबईचे ज्यू’ असं सरसकट म्हणतात, पण या दोन वाटांवर दोन वेगळे समाज भेटतात. फोर्टात भेटतात ते बगदादी. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास बगदादहून, इराणमार्गे मुंबईत आले. कापूस आणि अफूच्या व्यापारात घराणं मोठं झालं. त्यांची भाषा अरबी, पुढे इंग्रजी. मशीद बंदरला भेटतात ते बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले शनवार तेली. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी तो बंद ठेवायचा, म्हणून हे नाव. आडनावं पाहा: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहिमकर, चेऊलकर, झिराडकर. घरची भाषा मराठी. दोघांचा धर्म एक, तरी बगदाद्यांनी बेने इस्राएलांना बराच काळ आपल्या बरोबरीचं मानलं नाही. दफनभूमीत भिंत घालून जागा वेगळी करून मागण्यापर्यंत गोष्ट गेली होती. ज्या फेरीत हे सांगितलं जात नाही, ती फेरी अर्धीच झाली असं मी धरते.

फोर्टाची वाट

लायब्ररीपासून सुरुवात करतात ते योग्यच आहे. १८४७ मध्ये टांकसाळ आणि गोदीत काम करणाऱ्या तरुण कारागिरांनी वाचनासाठी मंडळ काढलं, त्याला ससूनांच्या देणगीतून ही पिवळ्या मालाड दगडाची इमारत मिळाली. ती १८७० मध्ये पूर्ण झाली. आत डेव्हिड ससून यांचा संगमरवरी पुतळा आहे: पागोटं, पायघोळ अंगरखा, लांब दाढी. पाहुण्यांना मी तिथे जरा थांबवतेच. कारण हा माणूस इंग्रजी अमदानीत एवढा मोठा झाला, तरी पोशाख शेवटपर्यंत बगदादचाच ठेवला.

बाहेर चौकात काळ्या घोड्याचा पुतळा दिसतो, पण हा २०१७ साली बसवलेला, स्वार नसलेला. ज्याच्यावरून चौकाला नाव पडलं तो पुतळा, घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड, डेव्हिड यांचे पुत्र अल्बर्ट ससून यांनी शहराला दिला होता. १९६५ मध्ये तो तिथून काढला आणि आता तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. हे लक्षात ठेवा, दुसऱ्या वाटेवर पुन्हा कामाला येईल.

दोन-तीन मिनिटं चालल्यावर केनेसेथ एलियाहू. डेव्हिड यांचे नातू जेकब ससून यांनी वडील एलियास यांच्या स्मरणार्थ १८८४ मध्ये बांधलं. पूर्वी ते सगळं निळंशार होतं. जीर्णोद्धारानंतर २०१९ साली उघडलं तेव्हा जुना पांढरा-निळा रंग परत आला, आणि त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. प्रार्थनेचं दालन वरच्या मजल्यावर आहे. जिना चढून आत पाऊल टाकलं की समोर पश्चिमेची भिंत, म्हणजे इथून जेरुसलेमची दिशा. त्या भिंतीत तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवण्याचं पवित्र कपाट, हेखाल, आणि त्याच्यावर रंगीत काचांची मोठी खिडकी. दुपार कलली की ऊन तिच्यातून आत येतं आणि मधल्या चौथऱ्याच्या कठड्यावर, बाकांवर निळे-तांबडे तुकडे पडतात. वर तिन्ही बाजूंनी बायकांसाठी सज्जा. दोन्ही वाटांमध्ये मिळून सगळ्यात देखणी खोली कोणती म्हणाल तर हीच.

पुढे कुलाब्याकडे जाणारी फेरी गेटवेपाशी थांबते, कारण त्याच्या बांधकामातही ससूनांची देणगी होती. कुठली फेरी नरिमन हाऊस या ज्यू केंद्रापर्यंत नेते. २००८ च्या हल्ल्यात जे तिथे मारले गेले त्यांचं स्मारक आता तिथे आहे. लहान मुलं बरोबर असतील तर तिथे काय सांगायचं ते आधी ठरवून जा. ससून डॉक, १८७५ सालचा, मात्र या फेरीत कोंबू नये. तो पाहायचा तर भल्या पहाटे, मासळीचे लिलाव चालू असताना. दहा वाजता तिथे जाऊन हाती काही लागत नाही.

फोर्टाची अडचण एवढीच, की ती श्रीमंतांची गोष्ट आहे आणि श्रीमंतांच्याच बाजूने सांगितली जाते. दानधर्माची यादी लांबलचक ऐकायला मिळते. ‘पैसा आला कुठून?’ असं कोणी विचारलं तर ‘व्यापारातून’ एवढंच उत्तर. अफूचं नाव घेतलं म्हणून लायब्ररीची किंमत कमी होत नाही. ज्यांना शहर समजून घ्यायचंय त्यांना दोन्ही सांगायला हवं.

मशीद बंदरची वाट

स्टेशनापासूनच गोष्ट सुरू होते. ‘मशीद’ हे नाव कुठल्या मुसलमानी मशिदीवरून पडलं असं सगळ्यांना वाटतं. पण बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनालयालाच मशीद म्हणत, आणि स्टेशनाचं नाव त्यांच्या जुन्या मशिदीवरून पडलं असं सांगतात. ती जुनी मशीद म्हणजे शआर हरहमीम, ‘दयेचं द्वार’, मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग, स्थापना १७९६. आजची इमारत १८६० ची.

ते ज्यांनी बांधलं ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर, घरचं नाव सामाजी हासाजी. कंपनीच्या फौजेत अधिकारी. टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत कैद झाले. समाजात सांगतात ते असं: कैद्यांची जात विचारली गेली, यांनी ‘बेने इस्राएल’ सांगितलं, आणि टिपूच्या आईने ‘हे नाव तर कुराणात आहे’ म्हणून त्यांचे प्राण वाचवले. सुटून परत आल्यावर बोललेला नवस म्हणून हे प्रार्थनालय उभं राहिलं. पुढच्याच वर्षी, तोराच्या गुंडाळ्या आणायला कोचीनला गेले असता तिथेच ते वारले. लढाई, कैद, नवस आणि फेडलेला नवस, ही गोष्ट मराठी माणसाला कोणी समजावून द्यावी लागत नाही. शेजारचा सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा.

आता अडचणी. आजूबाजूला घाऊक बाजार. हातगाड्या, डोक्यावर गोणी घेतलेले हमाल, ‘बाजू, बाजू’ असा सतत ओरडा. फूटपाथ नावापुरता. गुडघे दुखणाऱ्या माणसाला, व्हीलचेअरवरच्या आजीला किंवा बाबागाडीतल्या लेकराला घेऊन कामाच्या दिवशी इथे येऊ नये. रविवारी बाजार बंद असतो तेव्हा चालणं सुकर होतं. दुसरी अडचण म्हणजे बाहेरून काही कळत नाही. दुकानांच्या रांगेत फाटक कुठलं, हे माहीत नसेल तर समोरून निघून जाल. केनेसेथ एलियाहू नकाशा पाहूनही सापडतं. इथे सोबत माणूस लागतोच. म्हणून माझा हिशेब साधा आहे: फोर्ट स्वतःचं स्वतः पाहता येतं, पैसे द्यायचे तर ते मशीद बंदरच्या माहीतगाराला द्या.

आत गेलात की आवाज एकदम मागे पडतो. लाकडी बाकं, टांगलेले दिवे, चौकटीवर तिरकी लावलेली मझुझा, म्हणजे आत तोरातली वचनं ठेवलेली छोटी डबी. आत येणारा माणूस तिला बोटं लावून ती ओठांना लावतो. आपण उंबरठ्याला हात लावून कपाळाला नेतो तसंच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, “गाव कोणतं तुमचं?” मी पेणजवळचं सांगितलं. “मग आपण शेजारीच की,” म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. पुढचा अर्धा तास आम्ही सणांवर बोलत होतो. रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, त्यांच्याकडे नव्याचा सण. योम किप्पुर हा प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे दारफळणीचा सण, त्या दिवशी दारं लावून घ्यायची म्हणून. तिशा बेआवच्या, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाच्या, उपासानंतर वाल खातात, तो बिरड्याचा सण. नव्याच्या सणाला गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात हलवा करायचा. हे सगळं त्या पेण-अलिबागच्या मराठीत बोलत होत्या आणि मी माझ्या आजीचं बोलणं ऐकत असल्यासारखी ऐकत होते.

मलिदा तर समोर बसूनच पाहावा. एका स्नेह्यांकडे पाहिला: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि वेलची एकत्र कालवून ताटाच्या मधोमध रास, भोवती खजूर, केळी आणि इतर फळं. एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन, हिब्रू आशीर्वाद म्हणून ते वाटतात. लग्नाआधी, नवस फेडताना, नवं घर घेतलं की. बगदाद्यांकडे ही रीत नाही, ही कोकणातलीच. चांगला माहीतगार असेल तर या वाटेवर मलिद्याची गोष्ट येतेच. नाही आली तर विचारा.

टनटनपुरा स्ट्रीटवरचं शआरे रासोन, म्हणजे नवी मशीद, मुस्लिम मोहल्ल्यात आहे. लहान आहे, पटकन पाहून होतं. तिथून भायखळ्यापर्यंत चालण्याचा हट्ट नको, टॅक्सी करा. तिथलं मागेन डेव्हिड सिनेगॉग हे डेव्हिड ससून यांनी १८६१ मध्ये बांधलेलं, उंच मनोरा आणि खांबांचं, आकाशी रंगाचं. आवारालाच लागून ससूनांच्या नावाची शाळा. आज तिथे शिकणारी बहुतेक मुलं मुस्लिम. आणि प्रार्थनेला दहा पुरुष लागतात ते आता बेने इस्राएलांमधून येतात, कारण बगदादी शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. ज्यांना कधी वेगळं बसवलं, त्यांनीच दिवा लावून ठेवला आहे. भायखळ्याला आल्यावर मला दर वेळी हेच आठवतं.

वेळ उरला तर राणीच्या बागेत जाऊन काळ्या घोड्याचा मूळ पुतळा पाहा. शेजारीच, भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर, डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोराही आहे. म्हणजे फोर्टाची वाट न करताही तिच्यातलं थोडं इथे हाताला लागतं. उलट होत नाही. फोर्टात बेने इस्राएल फारसे भेटत नाहीत.

तिसरा पर्याय, थोडक्यात

पूर्ण दिवस मोकळा असेल तर मुंबई सोडून अलिबागला जा. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून समाज वाढला, अशी बेने इस्राएलांची मूळकथा. तिथे त्यांची जुनी दफनभूमी आणि स्मारक आहे. अलिबागात इस्राएल आळीत मागेन आबोथ, पुढे रेवदंड्याला बेथ एल, ही दोन सिनेगॉग. ही पायी फेरी नव्हे, गाडी लागते, आणि दोन गावांत मिळून ज्यू घरं अगदी थोडी उरली आहेत. १९४८ नंतर बहुतेक इस्राएलला गेले. पुण्याचे असाल तर लाल देऊळ म्हणतात त्या सिनेगॉगपासून सुरुवात करायला हरकत नाही, डेव्हिड ससून यांची समाधी तिथेच आहे. पण रास्ता पेठेतलं बेने इस्राएलांचं सुक्काथ शलोमो सिनेगॉग त्याला जोडून घ्या. १८७४ मध्ये वल्हांडणाची (इजिप्तमधून सुटकेच्या सणाची) हगादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह याच पुण्यात छापली गेली, आणि तिच्यातल्या चित्रात बेखमीर भाकरी भाजणाऱ्या बायका साडीत आहेत.

जाण्याआधी

शुक्रवार दुपारपासून शनिवार सूर्यास्तापर्यंतचा बेत करू नका, तो शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा दिवस. ज्यू सणांच्या तारखाही पाहून घ्या. ओळखपत्र मूळ न्या, पहारा असतो आणि नोंद केल्याशिवाय आत सोडत नाहीत. पुरुषांनी डोकं झाकायचं; टोपी दारात मिळते, नाहीतर खिशातला रुमालही चालतो. फोटो विचारूनच काढा. मशीद बंदरला आधी फोन करून जाणं बरं, कारण किल्ली कोणाकडे आहे यावर सगळं अवलंबून असतं.

आणि फेरी ठरवण्याआधी नेणाऱ्याला फोनवर एक प्रश्न विचारा: सॅम्युएल स्ट्रीटमधले सॅम्युएल कोण? मला एकदा सोबत आलेल्या माहीतगाराने “ससूनांपैकीच कोणीतरी” असं सांगितलं होतं. तसं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा.