दहा महिने ‘स्विम’ वापरून: नाशिकच्या पावसाला टाकी किती मोठी लागते

गेल्या सप्टेंबरात पाथर्डी शिवारातल्या एका लेआउटचं काम हाती आलं. २.४ हेक्टर जागा, एकेकाळची काळ्या मातीची शेती. आता तिथे रो-हाऊस, काँक्रीटचे रस्ते आणि पेव्हर ब्लॉक येणार. पावसाचं पाणी पुढे नदीला मिळणाऱ्या नाल्यात सोडायचं, पण शेत असताना जेवढं जात होतं त्याहून जास्त जोराने नाही, अशी अट. म्हणजे मधे डिटेन्शन टँक आली: पावसाचं पाणी थोडा वेळ अडवून हळूहळू सोडणारी टाकी. ती किती घनमीटरची, ते मला सांगायचं होतं, आणि त्यासाठी मी ‘स्विम’ हे पावसाच्या पाण्याचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर वापरायला लागलो.

तोवर अशा टाक्यांचं आकारमान मी एक्सेलवर काढायचो. रॅशनल पद्धत: वाहून जाण्याचा गुणांक (पावसातला किती हिस्सा वाहतो तो), पावसाची ताशी मिमीमधली तीव्रता आणि हेक्टरमधलं क्षेत्र यांचा गुणाकार, भागिले ३६०, की घनमीटर प्रति सेकंद मिळतात. २४ तासांचा १२० मिमी पाऊस धरला आणि हवामान खात्याच्या घनमूळ सूत्राने तो खाली आणला, तर १५ मिनिटांत २६ मिमी, अर्ध्या तासात ३३ आणि तासाभरात ४२ मिमी येतो. बांधकामानंतरचा गुणांक ०.७५ घेतला आणि नाल्यात सोडायची मर्यादा ०.१५ घनमीटर प्रति सेकंद ठेवली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण बऱ्याच एस्टिमेटमध्ये मी ती चुकलेली पाहिली आहे. पाइपाचा आकार काढताना आपण पाणी गोळा होण्याचा काळ, म्हणजे सगळ्यात लांबचं पाणी पोचायला लागणारा वेळ, इथे १५ मिनिटं, धरतो. ते बरोबरच आहे, कारण पाइपाला सगळ्यात मोठा लोंढा तेव्हाच येतो. पण त्याच १५ मिनिटांवर टाकी काढली की उत्तर येतं ३३७ घनमीटर. ३० मिनिटांच्या पावसावर ३९१ येतं, तासाभराच्या पावसावर ४११ आणि दीड तासाला पुन्हा ३८४. टाकीला तीव्रतेपेक्षा एकूण पाणी भारी पडतं. म्हणून सगळे कालावधी तपासून त्यातला मोठा आकडा घ्यायचा. माझा आकडा ४११ वर थांबला आणि तरी मनाला पटत नव्हता, कारण या हिशोबात टाकीच्या जावकेचा फक्त ढोबळ अंदाज असतो. टाकीच्या तळाशी असलेल्या भोकाची जावक पाण्याच्या उंचीप्रमाणे बदलत राहते. पाणी अर्ध्यावर असताना जावक पूर्ण उंचीच्या साधारण सत्तर टक्केच असते, त्याहून खाली आणखी कमी.

म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं, म्हणजे ईपीएचं, एसडब्ल्यूएमएम (स्टॉर्म वॉटर मॅनेजमेंट मॉडेल) उतरवून घेतलं. आम्ही सगळे त्याला ‘स्विम’च म्हणतो. मी ५.२ आवृत्ती वापरतो. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं आणि फाइल साधी मजकुराची असल्यामुळे नोटपॅडमध्ये उघडूनही आकडे बदलता येतात. लहान ऑफिसला याची किंमत मोठी आहे.

पहिले दोन आठवडे मात्र त्याने मला चांगलंच दमवलं. सुरुवातीला एककं अमेरिकन असतात. ती मेट्रिक केली तरी आधी भरलेले आणि मुळातलेच आकडे रूपांतरित होत नाहीत. खोलगट जागांत साचणाऱ्या पाण्याचा मुळातला आकडा ०.०५ आहे, तो इंचांचा. मेट्रिकमध्ये गेल्यावर तोच ०.०५ मिलिमीटर म्हणून वाचला जातो, खरं तर सव्वा मिमीच्या आसपास हवा. म्हणून नवीन फाइल उघडली की सगळ्यात आधी एककं आणि डिफॉल्ट, मग बाकीचं.

दुसरी चूक जास्त घातक होती. सॉफ्टवेअरमधल्या पर्जन्यमापकात पाऊस कोणत्या स्वरूपात देताय ते निवडावं लागतं: तीव्रता, त्या अवधीत पडलेला पाऊस, की सुरुवातीपासूनची बेरीज. मी दर पंधरा मिनिटांचे मिलिमीटर भरले आणि स्वरूप ‘तीव्रता’च राहिलं. सॉफ्टवेअरने २६ मिमी हा ताशी दर समजून त्या पंधरा मिनिटांत साडेसहा मिमी धरले. तासाभराचा ४२ मिमी पाऊस साडेदहावर आला. टाकी जेमतेम पाव भरली आणि मी अर्धा दिवस खुशीत होतो. सुदैवाने रिपोर्टच्या सुरुवातीलाच एकूण पाऊस मिमीमध्ये लिहिलेला असतो. तेव्हापासून प्रत्येक रननंतर माझी नजर आधी त्या ओळीवर जाते आणि मगच आलेखावर.

तिसरा सापळा टाकी ओसंडण्याचा. टाकी लहान पडली आणि पाणी वरून गेलं, तर ते पुढे कुठेही वाहत नाही, मॉडेलमधून नाहीसं होतं. जावकेचा आलेख मर्यादेत राहतो, सगळं छान दिसतं, आणि कुठून किती पाणी ओसंडलं ते सांगणाऱ्या ‘नोड फ्लडिंग’च्या तक्त्यात शंभर घनमीटर गायब झालेले असतात. आमच्या ऑफिसातल्या नवीन मुलीने पहिल्याच आठवड्यात हे पकडलं. मी तिला मुद्दाम सांगितलं, तो तक्ता रिकामा असल्याशिवाय कोणालाही आकडा द्यायचा नाही.

सगळ्यात मोठी उणीव म्हणाल तर हे सॉफ्टवेअर टाकीचं आकारमान स्वतःहून सुचवत नाही. काही विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये अंदाजाचं बटण असतं. आवक आणि सोडायची जावक दिली की साठवण सांगतात. इथे टाकी तुम्ही द्यायची, ते फक्त ती किती भरली ते दाखवतं. म्हणून हाताने काढलेला ४११ वाया गेला नाही, सुरुवात तिथूनच झाली. १६ बाय २० मीटर, दीड मीटर खोल, म्हणजे ४८० घनमीटर दिले आणि तळाशी २४० मिमीचं भोक ठेवलं. टाकी काठोकाठ भरली. हाताच्या हिशोबापेक्षा सत्तर घनमीटर जास्त लागले. त्याचं एक कारण जुलैतली भिजलेली काळी माती. उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळते आणि पहिला पाऊस पिऊन टाकते. आषाढात ती फुगून बंद होते. माती किती पाणी शोषेल ते काढायच्या ग्रीन-ॲम्प्ट पद्धतीत मातीतली सुरुवातीची रिकामी जागा भरावी लागते, ती मी जवळजवळ शून्य ठेवली. जूनचा आकडा धरून काढलेली टाकी जुलैत फसते.

इथवर एक्सेललाही थोडी मेहनत घेऊन जमलं असतं. मला या सॉफ्टवेअरबद्दल खरी ओढ वाटायला लागली ती पुढच्या प्रश्नावर: भरलेली टाकी रिकामी कधी होते?

नाशिकचा पाऊस एका दमात येत नाही. चारला सर, पाचला उघडीप, सहाला पुन्हा. एका सरीला पुरणारी टाकी दुसरी सर येईपर्यंत निम्मी तरी मोकळी झाली पाहिजे. मोकळ्या आउटलेटला आमची टाकी पावणेदोन तासांत रिकामी होत होती. पण नाला तेव्हा मोकळा असेल का? गोदावरीला पूर आला की गावात पहिला प्रश्न असतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमधले पूर ज्यांनी पाहिलेत त्यांना माहीत आहे की नदी भरली की तिला मिळणारे नाले तुंबतात आणि पाणी मागे सरकतं. स्विममध्ये प्रवाह काढायची ‘डायनॅमिक वेव्ह’ ही पद्धत निवडली तरच हा फुगवटा हिशोबात येतो. ‘कायनेमॅटिक’वर काम केलं तर पाणी फक्त उताराकडे जातं, मागून काय दाबतंय ते कळत नाही. मी आउटफॉलला, म्हणजे पाणी नाल्यात पडतं त्या टोकाला, वेळेनुसार नाल्याची पातळी दिली आणि उलटं पाणी अडवणारी झडप लावली. टाकी रिकामी व्हायला पावणेदोनऐवजी साडेचार तास लागले. दोन सरींच्या पावसात लागणारी साठवण ५६० घनमीटरवर गेली.

म्हणून खोली १.८ मीटर केली, म्हणजे ५७६ घनमीटर. पाण्याची उंची वाढली तशी जावकही वाढते, म्हणून भोक २२५ मिमीवर आणलं. जावक ०.१५च्या आतच राहिली.

बिल्डरशेठना हे पटवणं सोपं नव्हतं. ‘रेन वॉटर हार्वेस्टिंगची टाकी आहेच की, तीच वापरा,’ असं त्यांचं म्हणणं. हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. हार्वेस्टिंगची टाकी भरलेली राहावी म्हणून बांधतात, ही टाकी पाऊस यायच्या वेळी रिकामी असावी म्हणून. दोन्ही कामं एका टाकीत हवी असतील तर आउटलेटच्या खाली वेगळा साठा ठेवायचा आणि तो या हिशोबात धरायचा नाही. मी त्यांना दोन सरींचा आलेख स्क्रीनवर चालवून दाखवला. दुसऱ्या सरीला पाणी झाकणाशी भिडताना बघून त्यांनी वाढीव खोदाईला होकार दिला. एक्सेलच्या तक्त्याने हे झालं नसतं.

टाकी मे अखेरीस पूर्ण झाली. आत भिंतीवर दहा-दहा सेंटिमीटरच्या खुणा रंगवून घेतल्या आणि साइट ऑफिसच्या छतावर टिपिंग बकेटचा पर्जन्यमापक बसवला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चांगली सर आली. वॉचमन मामांनी दर पंधरा मिनिटांनी खुणांचे फोटो पाठवले. त्या दिवशीचा खरा पाऊस मॉडेलला दिला तर सर्वाधिक पाणी १.१ मीटर आलं, खुणेवर होतं ०.९५. रो-हाऊसच्या गच्च्यांचं बरंचसं पाणी आधी बागेच्या पट्ट्यांत पडतं आणि मी ते थेट गटारात धरलं होतं. ती वाट बदलल्यावर फरक तीन-चार सेंटिमीटरवर आला.

पण पाणी चढण्यापेक्षा उतरण्याने जास्त शिकवलं. मॉडेल म्हणत होतं रात्री नऊला टाकी रिकामी. साडेनऊला मामांचा फोन आला, ‘साहेब, पाणी गुडघ्याएवढंच थांबलंय, खाली जात नाही.’ सकाळी गेलो तेव्हा भोकावर गाळ आणि सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा तुकडा अडकला होता. मामांनी तो बांबूच्या आकड्याने ओढला आणि पाणी घळघळ निघालं. आता आउटलेटपुढे जाळी बसवून घेतली आहे. मॉडेलमध्ये एक जास्तीचा रन निम्म्या भोकावर करतो आणि त्या रनमध्ये झाकणावरून निघालेलं पाणी कोणत्या रस्त्याने जाईल, ते नकाशावर लाल पेनाने आखून देतो.