८ फुटी डाउनविंड बोर्ड, सीझनभर वापरून: हल झकास, शेपटीची कड भिकार

डाउनविंड बोर्ड म्हणजे वारा पाठीशी घेऊन पॅडल मारत लाटांवर चालवायचा फॉइल बोर्ड: खाली मास्ट (खांब), त्याच्या टोकाला पाण्याखाली पंख, आणि वेग आला की पंख बोर्डाला पाण्याबाहेर उचलतो. हल म्हणजे बोर्डाचं पाण्यात बसणारं अंग. माझा ८ फूट बाय २० इंच, आकारमान ११० लिटर, कार्बन. वापर अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या घळीत (कोलंबिया गॉर्ज), बहुतेक व्हिएन्टो ते हूड रिव्हर या टप्प्यात. तिथे वारा पश्चिमेचा आणि नदीचा प्रवाह त्याच्या उलट, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या.

एकदा उठलं की बोर्ड हवेतच, मग हलच्या आकाराला एवढं महत्त्व कशाला, असं विचारणाऱ्यांनी उचलीचं गणित बघावं. पंखाची उचल वेगाच्या वर्गाने वाढते. वेग १० टक्के वाढला की उचल २१ टक्के. साडेपाच फूट बाय २८ इंचाचा बोर्ड नाकापुढे पाणी ढकलत बसतो. हा चिंचोळा असल्याने तेवढ्याच पॅडलमध्ये पुढे सरकतो. आडवा डुलतो, पण त्याची सवय होते.

आता शेपटी. तळाचं पाणी मागच्या कडेशी तुटून सुटायला हवं, म्हणजे कड धारदार हवी. इथे रंगाखाली ती चांगली ४ मिमी गोल झालीय. पाणी वळून वर चढतं, शेपटी खाली ओढतं आणि ऐन उठताना बोर्ड चिकटतो. कंपनीचं उत्तर: ‘हा दिसण्यापुरता दोष, वॉरंटीत बसत नाही.’ एवढे पैसे मोजल्यावर हे ऐकायचं!

दुरुस्ती स्वस्त आहे. बोर्ड सावलीत उलटा ठेवा. कडेपासून ५ सेमी तळ ८० नंबरच्या पॉलिशपेपरने खरबरीत करा. शेपटीच्या उभ्या बाजूला पॅकिंग टेप लावा, कडेच्या ३ मिमी वर राहील अशी. इपॉक्सीत कोलायडल सिलिका (घट्ट करणारी बारीक पूड) घालून श्रीखंडाइतकं घट्ट करा आणि टेपच्या आतला कोपरा भरा. २४ तासांनी टेप काढा. १२० आणि मग २२० नंबर, दोन्ही लाकडी ठोकळ्यावर गुंडाळूनच. नुसत्या बोटाने घासलंत तर कड पुन्हा गोल.

अपडेट: कड केल्यावर दोन-तीन पॅडल कमी लागतात. नाक जड वाटत होतं तेही निम्मं कमी झालं. मास्ट मात्र १ सेमी मागे घ्यावा लागला, नाहीतर सुटताक्षणी नाक उसळतं. वळताना लांबी जाणवते, त्याला इलाज नाही. हलक्या वाऱ्यात विंगलाही (हातात धरायच्या शिडासोबत) हाच बोर्ड चालतो, म्हणजे दुसऱ्या बोर्डाचा खर्च वाचला. नवी कड ठिसूळ आहे, बोर्ड शेपटीवर उभा करू नका.

पाचापैकी चार तारे. कापलेला एक वॉरंटीवाल्यांच्या नावाने.