एन गेजमध्ये आवाजाचं वाफेचं इंजिन: ब्रॉडवे, बॅकमन, काटो की हॉर्नबीचं टीटी?

घरात जागा कमी म्हणून मॉडेल रेल्वेचं एन गेज हे लहान माप घेतलं, रूळ टाकून झाले, एक-दोन डिझेल इंजिनं फिरायला लागली. आता वाफेचं इंजिन हवंय, तेही छकछक आणि शिट्टीसकट. इथवर आलेल्या माणसापुढे आज साधारण चार वाटा आहेत. अमेरिकेच्या ब्रॉडवे लिमिटेडचं आवाज बसवूनच येणारं इंजिन, बॅकमनचं तसंच पण थोडं स्वस्तातलं, काटोचं उत्तम चालणारं इंजिन घेऊन आवाजाची सोय वेगळी करणं, किंवा एन सोडून हॉर्नबीच्या टीटी या थोड्या मोठ्या मापाकडे जाणं.

आधीच सांगतो, नुसता आवाज ऐकून निवड करू नका. व्हिडिओत सगळीच इंजिनं झकास वाजतात, कारण माइक इंजिनापासून वीतभर अंतरावर धरलेला असतो. पाहायचं ते हे, की इंजिन रुळांतून वीज किती चाकांनी उचलतं आणि क्षणभर ती तुटली तर काय करतं.

एन गेजमध्ये दोन रुळांतलं अंतर ९ मिमी. इंजिन इतकं हलकं की रुळावर धुळीचा कण आला तरी चाक आणि रूळ यांचा संपर्क सुटतो. बिनआवाजाच्या इंजिनात हे कळतही नाही. मोटरचं फ्लायव्हील, म्हणजे तिच्यावर फिरणारं जड चाक, त्याला पुढे ढकलून नेतं. आवाजाच्या इंजिनात डीकोडर, म्हणजे आवाज आणि मोटर सांभाळणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी, असतो, तो बिचारा वीज गेली की बंद पडतो. सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते तिथे, रूळ एकमेकांना छेदतात त्या प्लास्टिकच्या तुकड्यावर (फ्रॉगवर) इंजिन आलं की शिट्टी मध्येच तुटते, इंजिन हिसका देतं, आणि आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्यात ओढशक्ती वाढावी म्हणून चाकांच्या एखाद्या जोडीला रबराची कडी घातलेली असते, आणि त्या चाकांतून वीज मिळतच नाही. म्हणून टेंडरची (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याची) सगळी चाकं वीज घेतात का, आणि वीज क्षणभर धरून ठेवणारा कपॅसिटर आत आहे किंवा नंतर बसवता येतो का, हे दोन प्रश्न दुकानदाराला आधी विचारा. रंगाची छटा नंतर.

दुसरी गोष्ट भपक्यांची, म्हणजे वाफेच्या छकछकीची. दोन सिलिंडरच्या इंजिनात मोठ्या चाकाच्या एका फेऱ्याला चार भपके येतात. अमेरिकेच्या २-८-२ चाकांच्या (पुढे दोन छोटी, मध्ये आठ मोठी, मागे दोन छोटी) यूएसआरए मिकाडो इंजिनाचं मोठं चाक ६३ इंचाचं, म्हणजे परीघ साधारण ५ मीटर. ताशी १० किमी वेगाला सेकंदाला दोनच्या आसपास भपके येतात, ते सहज मोजता येतात. ताशी ५० किमीला तेच अकरावर जातात आणि सगळं मिळून एक घरघर होते. म्हणजे आवाजाची खरी परीक्षा संथ चालीत. यार्डात डबे जोडताना भपका चाकाशी जुळला नाही तर डोळ्याला लगेच खटकतं. मेनलाइनवर धावताना कोणाच्या लक्षातही येत नाही. तुमचा लेआउट, म्हणजे रुळांची मांडणी, नुसता गोल फिरण्याचा असेल तर या बाबतीत फार पैसे घालवायचं कारण नाही.

तिसरी गोष्ट स्पीकरची. एन गेजच्या टेंडरमध्ये मावतो तो ११ बाय १५ मिमीचा छोटा स्पीकर, ज्याला शौकीन मंडळी शुगर क्यूब म्हणतात. त्यातून खर्ज निघत नाही, कोणत्याही कंपनीच्या इंजिनातून निघत नाही. त्याच्यामागे हवाबंद डबी नसेल तर पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात आणि ऐकू येते ती किरकिर. टेंडर मोठं तेवढी डबी मोठी, म्हणून मिकाडो किंवा ४-८-४ घेतलेलं बरं. टेंडर नसलेल्या छोट्या टँक इंजिनात आवाज बसवायचा हट्ट एन गेजमध्ये तरी धरू नये.

ब्रॉडवे लिमिटेड

२००२ साली सुरू झालेली ही कंपनी; पहिलंच मॉडेल एचओ या मोठ्या मापातलं, न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेचं हडसन, तेही आवाजासकट. आवाज हाच यांचा धंदा. एनमध्ये यूएसआरए मिकाडो, पेनसिल्व्हेनियाचं एम१ आणि टी१, रीडिंगचं टी१ अशी इंजिनं त्यांनी काढली आहेत. आतली प्रणाली त्यांची स्वतःची, पॅरागॉन नावाची. सध्या चौथी पिढी चालू आहे. रुळांतलं व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलणाऱ्या साध्या डीसी कंट्रोलरवरही आवाज येतो, हा मोठा फायदा. मात्र डीसीवर शिट्टी-घंटा मनाला येईल तेव्हा वाजवता येत नाही, आणि व्होल्टेज बरंच वर गेल्याशिवाय इंजिन जागं होत नाही. संथ चाल तिथेच हातची जाते.

डीसीसीवर, म्हणजे प्रत्येक इंजिनाला रुळांतून वेगळा डिजिटल हुकूम देणाऱ्या पद्धतीवर, हेच इंजिन खुलतं. कंट्रोलरच्या एफ१ बटणाला घंटा, एफ२ ला शिट्टी, एफ८ ला आवाज बंद. रात्री घरातली माणसं झोपली की एफ८ सारखं बटण नाही. उणी बाजू अशी की डीकोडर कंपनीचा स्वतःचा असल्यामुळे बिघडला तर बदली भाग त्यांच्याकडूनच आणावा लागतो. अमेरिकेत राहणाऱ्याला त्याचं काही वाटणार नाही; नाशिकला बसून इंजिन फ्लोरिडाला परत पाठवणं म्हणजे वेगळाच व्याप.

बॅकमन

यांच्या ‘साउंड व्हॅल्यू’ मालिकेतल्या एनच्या इंजिनांत साउंडट्रॅक्स कंपनीचा इकॉनामी डीकोडर असतो. बर्कशायर आणि पेनसिल्व्हेनियाचं के४ ही त्यातली चांगली उदाहरणं. साउंडट्रॅक्सच्याच त्सुनामी२ डीकोडरपेक्षा इकॉनामीत सोयी कमी आहेत; तरी शिट्ट्यांचे प्रकार निवडता येतात आणि आवाज स्वच्छ आहे. मास्टर व्हॉल्यूम सीव्ही १२८ मध्ये (सीव्ही म्हणजे डीकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग). कारखान्यातून तो मोठाच ठेवून पाठवतात, आणि छोटा स्पीकर मोठ्या आवाजाला फाटतो. निम्म्यावर आणला की तेच इंजिन महाग वाटायला लागतं.

माझ्या मते डीसीसी असलेल्या आणि पहिलंच आवाजाचं इंजिन घेणाऱ्या माणसाने इथून सुरुवात करावी. फक्त इंजिन आणि टेंडर यांच्यामधल्या तारा नीट पाहा. त्या केसासारख्या बारीक असतात. खोक्यातून काढताना इंजिन एका हाताने आणि टेंडर दुसऱ्या हाताने एकदमच उचलायचं. नुसतं इंजिन उचलून टेंडर लोंबू दिलं की तार तुटलीच म्हणून समजा.

काटो

चालीच्या बाबतीत काटोला तोड नाही. जपानी डी५१, सी६२ असोत की अमेरिकन एफईएफ-३ आणि बिग बॉय, सांध्यावरून सरकताना बघत राहावं अशी. पण ही बहुतेक बिनआवाजाची येतात, आणि आवाजाला दोन रस्ते आहेत.

एक, आत ईएसयू कंपनीचा लोकसाउंड मायक्रो डीकोडर बसवणं. आवाज या सगळ्यांत सरस, आणि आवाजाची फाइल बदलून हव्या त्या इंजिनाचा आवाज भरता येतो. मात्र त्यासाठी कंपनीचं लोकप्रोग्रॅमर हे उपकरण लागतं. व्हॉल्यूम सीव्ही ६३ मध्ये. काटो यूएसए बिग बॉयसारख्या इंजिनांची लोकसाउंड बसवलेली आवृत्तीही विकते. पैसे असतील तर तीच घ्यावी. स्वतः बसवायचं असेल तर अमेरिकन मॉडेल घ्या. जपानी १:१५० इंजिनांची टेंडरं चिमुकली. तिथे सोल्डरिंग आयर्न घेऊन घुसणं हे सरावलेल्या हाताचं काम.

दुसरा रस्ता काटोच्या साउंड बॉक्सचा. यात आवाज इंजिनात नसतोच. कंट्रोलर आणि रूळ यांच्यामध्ये एक डबी जोडायची, तिच्यात त्या इंजिनाचं साउंड कार्ड घालायचं, आणि आवाज टेबलावरच्या स्पीकरमधून येतो. शुद्धतावादी लोक नाकं मुरडतात. खरं सांगायचं तर तीन बाय दोन फुटांच्या लेआउटवर इंजिन कुठे आहे आणि आवाज कुठून येतोय हा फरक कानाला फार जाणवत नाही, आणि मोठा स्पीकर जोडला तर खर्जही मिळतो. इंजिनात डीकोडर नाही, म्हणजे फ्रॉगवर शिट्टी तुटण्याचा प्रश्नच नाही. डीसीवर राहणाऱ्यांसाठी मला हाच पर्याय सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. डीसीसीवर जायचं ठरलं असेल तर मात्र याच्या नादी लागू नका.

हॉर्नबी टीटी:१२०

हॉर्नबीने २०२२ मध्ये टीटी:१२० आणलं. प्रमाण १:१२०, रूळ १२ मिमीचे. एनपेक्षा थोडं मोठं, पण एचओच्या १६.५ मिमीपेक्षा बरंच लहान. ए३ आणि ए४ पॅसिफिक इंजिनांचे संच मिळतात. आवाजासाठी त्यांचा एचएम७००० डीकोडर आहे, आणि त्याची गंमत अशी की तो ब्लूटूथवर चालतो. रुळांना फक्त स्थिर व्होल्टेज द्यायचं आणि फोनवरच्या अ‍ॅपमधून इंजिन चालवायचं. डीसीसीचा वेगळा संच घ्यावा लागत नाही, आणि उद्या घेतलात तर तोच डीकोडर तिथेही चालतो. आवाजाची फाइलही अ‍ॅपमधूनच भरायची. शिवाय त्याला जोडायला पॉवर बँक मिळते, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या कपॅसिटरची सोय झाली.

ए४ चा आवाजही वेगळा. याच वर्गातल्या मॅलार्डने ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा विक्रम केला. या इंजिनांना तीन सिलिंडर, म्हणून चाकाच्या फेऱ्याला सहा भपके. अमेरिकन मिकाडोच्या दणदणीत चार ठोक्यांची सवय असलेल्या कानाला तो आधी घाईचा वाटतो.

अडचण एवढीच की तुमच्याकडचे एनचे रूळ, डबे, पूल यांतलं काहीच इथे चालणार नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याला ही अडचण नाहीच.

भारतात बसून मागवताना

खेळण्यांच्या आणि स्केल मॉडेलांच्या सदरात येणाऱ्या मालावर मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यावर इतर कर आणि कुरिअरचं भाडं. आवाजाचं एन गेज इंजिन तीनशे-चारशे डॉलरच्या घरात जातं, तेव्हा हिशेब आधीच मांडा. बरेचजण न्यूजर्सी किंवा लंडनच्या नातेवाइकाला गाठतात. मग हमी कोणाच्या पत्त्यावर नोंदवायची तेही त्यालाच विचारून ठेवा. कंट्रोलर मागवत असाल तर अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टचा आहे का ते वाचा. जपानचा १०० व्होल्टचा आपल्या भिंतीत घातला तर धूर खरा निघेल.

कोणी म्हणेल, अमेरिकन इंजिनाचा आवाज ऐकून आपल्याला काय. दुसऱ्या महायुद्धात उत्तर अमेरिकेतल्या कारखान्यांतून भारताच्या ब्रॉडगेजसाठी एडब्ल्यूडी आणि सीडब्ल्यूडी ही इंजिनं आली, तीही २-८-२ च. पुढे चित्तरंजनला बनलेली डब्ल्यूजीही तीच चाकजुळणी. मनमाड किंवा दौंडला लहानपण गेलेल्या माणसाला मिकाडोचा संथ चढावरचा भपका अनोळखी वाटणार नाही.

तर डीसीवर असाल आणि तिथेच राहायचं असेल तर काटोचं इंजिन आणि साउंड बॉक्स. डीसीसी आहे आणि बजेट आखडतं आहे, तर बॅकमनचं बर्कशायर. अमुकच रेल्वेचं अमुकच इंजिन हवं असेल तर ब्रॉडवे, कारण मग तुलना करण्यात अर्थच उरत नाही. अजून एकही रूळ घेतला नसेल तर टीटी.

इंजिन आलं की पहिल्याच संध्याकाळी ते सगळ्यात संथ वेगावर प्रत्येक सांध्यावरून दोन्ही दिशांनी न्या. त्याआधी रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नाहीतर धुळीचा दोष इंजिनाला लागेल. दर वेळी एकाच जागी आवाज तुटत असेल तर दोष रुळात आहे. जागा बदलत असेल तर दोष चाकांत किंवा टेंडरच्या तारेत. परत पाठवायचं असेल तर मुदत संपायच्या आत पाठवा.