शहापुरातलं नवं फायबर: नेट पळतंय, मेल अडतोय

नेट झकास आहे, हे आधीच सांगून टाकते. १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय आणि वायरनं जोडलेल्या मशीनवर तो पुरेपूर मिळतो. आमची जुनी कॉपरची लाईन जूनचा पाऊस लागला की खरखरायला लागायची, मग नेट आलं तर आलं. तो त्रास संपला. वीज गेली तरी ओएनटीचा, म्हणजे फायबर घरात येऊन जिथं जोडतात तो डबा छोट्या यूपीएसवर चालत राहतो आणि डीटीपीचं काम थांबत नाही. नेटला पाचपैकी चार. सपोर्टला दीड, आणि त्यातलाही एक लाईनमन पोरगा बोलायला गोड आहे म्हणून.

कंपनीचं नाव घालत नाही. बेळगावच्या शहापूर-वडगावात केबलबरोबर नेट देणारे जे आहेत, त्यातलीच एक. ज्यांना नेट सिनेमे बघायला आणि पोरांच्या अभ्यासाला हवंय त्यांनी डोळे झाकून घ्यावं. पुढचं सगळं ज्यांचा धंदा मेलवर चालतो त्यांच्यासाठी.

आमची ऑफसेट प्रेस आहे. लग्नसराईत पत्रिका, बाकी वर्षभर लेबलं आणि खोकी. खोक्यांत काजूची जास्त, गिऱ्हाईक चंदगडकडचं आणि थोडं गोव्याचं. प्रूफ मेलनंच जातं. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून टाकलं की चित्र दबतं, खोक्याच्या बाजूची बारीक अक्षरं पुसट होतात आणि मग वजनाचा आकडा चुकला तर दोष कुणाचा? गिऱ्हाइकाचं ‘ओके’ मेलवर लेखी आल्याशिवाय आम्ही प्लेट काढत नाही. त्यामुळं मेल अडला की मशीन उभं.

नवी लाईन जोडली त्याच संध्याकाळी मेल अडला. गंमत अशी की येणारे मेल धडाधड येत होते. जाणारा एकही जाईना. थंडरबर्डमध्ये, म्हणजे आमच्या मेलच्या प्रोग्राममध्ये, ‘पाठवत आहे’ची पट्टी फिरत राहायची आणि शेवटी पाटी यायची, आउटगोइंग सर्व्हरशी कनेक्शन टाइम्ड आउट. पासवर्ड चुकला असता तर तसं स्पष्ट सांगितलं असतं. इथं पलीकडून उत्तरच येत नव्हतं.

कंपनीला फोन लावला. राउटर बंद करून चालू करा. केलं. स्पीड टेस्ट करा. केली, आकडा छान. मग लाईनमन आला, त्यानं माझ्या मशीनवर गूगल उघडून दाखवलं आणि म्हणाला, “वैनी, नेट चालू हाय न्हवं? मग मेलचं काय ते मेलवाल्यास्नी विचारा की.” मेलवाले म्हणजे आमचं डोमेन जिथं ठेवलंय ती होस्टिंग कंपनी. ते म्हणाले, आमचा सर्व्हर व्यवस्थित आहे, नेटवाल्यांना विचारा. भावजी तर जुनी लाईन परत घ्यायच्या गोष्टी करायला लागले.

शेवटी गणपत गल्लीच्या बाजूला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेल्या एका काकांना बोलावलं. या रिव्ह्यूतले खरे पाच तारे त्यांचे. त्यांनी राउटरला हातच लावला नाही. थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंगमध्ये आउटगोइंग सर्व्हर उघडला, पोर्टच्या, म्हणजे सर्व्हरच्या कुठल्या नंबरच्या दारानं जायचं त्या, रकान्यात २५ दिसलं आणि म्हणाले, “हितंच गोम हाय.” मग विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड दोनदा चालवली. मेल सर्व्हर तोच, फक्त पोर्ट बदललेला. २५ ला बराच वेळ काही नाही आणि मग ‘फॉल्स’. ५८७ ला झटक्यात ‘ट्रू’. एवढ्यावर निकाल लागला. सर्व्हर जिवंत, नेट जिवंत, मधे २५ तेवढं बंद.

पोर्ट २५ हे मुळात एका मेल सर्व्हरनं दुसऱ्या मेल सर्व्हरला टपाल द्यायचं. गिऱ्हाइकाच्या मशीनवरून मेल चढवायला ५८७ वेगळं ठरवलंय, तेही १९९८ पासून. पण आमच्या सेटिंगा फार जुन्या, कुणीतरी कधीतरी २५ घालून गेलेला, आणि जुन्या कंपनीनं ते कधी अडवलं नाही म्हणून चालत राहिलं. घरोघरच्या व्हायरस लागलेल्या मशीनी याच पोर्टवरून स्पॅम ओकतात, म्हणून बऱ्याच नेट कंपन्या ते बंद ठेवतात. नव्या कंपनीनं बंद केलं यात माझी तक्रार नाही, योग्यच केलं. पण आपण काय बंद केलंय हे आपल्याच कॉल सेंटरच्या माणसाला ठाऊक नसावं? एका वाक्याचं काम होतं: पोर्ट ५८७ घाला, सिक्युरिटीच्या रकान्यात स्टार्टटीएलएस (मेल कुलूपबंद करून पाठवायचा एक प्रकार) ठेवा. काही होस्टिंगवाले ४६५ देतात, तिथं स्टार्टटीएलएस नाही, सरळ एसएसएल/टीएलएस निवडायचं. येणारे मेल ९९३ वरून येत होते, ते या भानगडीत नव्हतंच, म्हणून ते बिनघोर चालू होते.

बदललं, मेल गेला. काका चहा पिऊन उठणार तोवर मी प्रूफ जोडून पाठवलं, तर ते परत लटकलं. साधं पत्र जातंय, पीडीएफ जोडली की पट्टी अर्ध्यावर थांबतेय. मला वाटलं फाइल मोठी असेल. जोडलेली फाइल मेलमधून जाताना साधारण एक तृतीयांशानं फुगते, हे धंद्यात माहीत झालंय. २० एमबीची फाइल २७ च्या आसपास होते आणि जीमेलवरून पाठवायची मर्यादा २५ ची. पण ही जेमतेम ६ एमबीची होती.

इथं मात्र राउटर उघडावा लागला. कनेक्शन पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्ड घालून लाईन उठते तो प्रकार. त्याच्या वेष्टणाला ८ बाइट लागतात, त्यामुळं डेटाचं १५०० बाइटचं पाकीट त्यातून जात नाही, १४९२ चंच जातं. पाकीट मोठं असेल तर राउटरनं मशीनला तसं कळवायला हवं. आमच्या राउटरमध्ये एमटीयूच्या, म्हणजे मोठ्यात मोठ्या पाकिटाच्या, रकान्यात १५०० तसंच भरलेलं, आणि ते कळवणंही कुठंतरी गळत असणार. छोटी पाकिटं सुटतात, भरलेली गडप. काकांनी पिंग, म्हणजे पाकीट पाठवून उत्तर येतं का ते बघायची कमांड, लावून दाखवलं: पाकीट तोडू नको असं सांगून १४७२ चा आकडा घातला तर जाईना, १४६४ चा घातला तर लगेच उत्तर. दोन्हींत हेडरचे २८ मिळवा, १५०० आणि १४९२ होतात. राउटरमध्ये १४९२ टाकून सेव्ह केलं आणि काजूचं खोकं गोव्याला पोचलं. हे कंपनीच्या पोरानं राउटर लावतानाच करायचं होतं, कारण युजरनेम-पासवर्ड त्यानंच तिथं भरला होता.

काकांनी ५०० रुपये घेतले. पुढच्या आठवड्यात आणखी एक अडचण आली तेव्हा फोनवरच सांगितलं, पैसे नाहीत. आमच्या डोमेनचं काहीच उघडेना, वेबमेलसुद्धा. काका म्हणाले, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावून बघा. तिथं उघडलं. म्हणजे आमचा नेटवरचा पत्ता, आयपी, होस्टिंगवाल्यांनी अडवलेला. पत्ता तरी आमचा एकट्याचा कुठं? ही कंपनी अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच पब्लिक आयपी देते, सीजीनॅट म्हणतात त्याला. वाड्यात वीस बिऱ्हाडं आणि रस्त्यावरच्या दाराला घरनंबर एकच, तसं. त्यातल्या कुणाच्या तरी मशीननं चुकीच्या पासवर्डांचा मारा केला की होस्टिंगचा फायरवॉल सगळ्या वाड्यालाच कुलूप लावतो. होस्टिंगवाल्यांना आयपी कळवला, त्यांनी तो मोकळा केला.

तुम्हालाही सीजीनॅट आहे का ते बघायचं असेल तर राउटरमध्ये वॅनचा, म्हणजे कंपनीच्या बाजूचा, आयपी पाहा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर आहे.

यावर उपाय म्हणजे स्टॅटिक आयपी, आपला एकट्याचा कायमचा पत्ता. कंपनी देते, वर्षाला जास्तीचे पैसे घेऊन. आम्ही घेतला नाही, कारण मेल पाठवण्यापुरती त्याची गरज नाही आणि हॉटस्पॉट हाताशी आहे. पण ज्यांनी दुकानातले कॅमेरे घरून बघायला राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे बाहेरून आत यायला दार उघडून, ठेवलेत, त्यांचं चित्र या लाईनवर येणार नाही, कारण रस्त्यावरचं दार सगळ्या वाड्याचं आहे. त्यांनी जुनी लाईन तोडायच्या आधी कंपनीला स्टॅटिक आयपीचा दर विचारावा, आणि कॉल सेंटरला नाही, ऑफिसात जाऊन.